अठ्ठ्याहत्तर टक्के

फणसाच्या ज्या फांदीवरून मी पडलो तिची उंची नंतर भावाला टेप घेऊन पाठवून मोजून घेतली. साडेतेरा फूट. मी टर्नर माणूस, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर बावीस वर्षं गेलेली. मोजल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. ११ जून २०२३, रविवार. पाऊस लांबला होता, पिकलेला बरका फणस खाली पडून फुटायच्या आत काढायचा होता, एवढंच निमित्त.

चौघांनी काखेत हात घालून मला उचललं आणि जीपच्या मागच्या सीटवर दुमडून घातलं. माझ्या मायेपोटीच केलं त्यांनी, पण पहिली सूचना इथंच लिहून ठेवतो. असा पडलेला माणूस दिसला तर त्याला बसवू नका, कमरेत वाकू देऊ नका. दार उखडा, फळी आणा, बाज आणा, सपाट निजवूनच न्या. माझ्या पाठीचं नुकसान किती झाडाखाली झालं आणि किती जीपमध्ये, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

खानापूरहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. त्या रस्त्यानं मी रोज बसनं कामावर जायचो, देसूर-मच्छे-पिरनवाडी कधी गेलं कळायचंही नाही. त्या दिवशी प्रत्येक खड्डा मोजला. मोडलेले मणके डी-१२ आणि एल-१, म्हणजे पाठ आणि कमर जुळते तिथले. ऑपरेशन १३ जूनला, एक रॉडची जोडी आणि सहा स्क्रू. २ जुलैला घरी. खर्च २ लाख ६० हजार, त्यात सोसायटीचं कर्ज आणि बायकोच्या पाटल्या. कमरेखाली काही कळत नाही, लघवी-संडासवर ताबा नाही. लिहायला लाज वाटते, पण हे गाळून बाकीचं लिहिलं तर ज्याला गरज आहे त्याच्या काही कामाचं राहणार नाही.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाला मुलगा बेळगावहून यायचा. आठवड्यातून तीन दिवस, एका वेळचे ३०० रुपये. खुर्चीत बसलं की दर वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन ढुंगण वर उचलायचं, नाहीतर कातडीला जखम होते, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. मला खाली काही दुखतच नव्हतं, मग मी कशाला उचलतो! गणपतीच्या आधी एक दिवस तो वैतागला. म्हणाला, "काका, सुपरमॅन कशानं गेला माहीत आहे काय तुम्हाला?"

मला सुपरमॅन म्हटल्यावर आमच्या गल्लीचा गणपती आठवला. ८८ की ८९ साल. मंडळानं भाड्यानं व्हीसीआर आणला होता. इंग्रजी एक अक्षर कळलं नाही, पण निळ्या कपड्यातला तो माणूस हात पुढं करून आभाळात गेला तेव्हा आम्ही पोरं मांडवात उभी राहिलो. माझं नाव मारुती. उडणारा आम्हाला माहीत असलेला तोवर एकच होता. पुढं वर्षभर शाळेत मला त्या दोघांवरून चिडवत होते.

तो नट, ख्रिस्तोफर रीव्ह, १९९५ साली घोड्यावरून पडला आणि मानेखाली लुळा झाला, हे फिजिओवाल्यानं सांगितलं. नऊ वर्षं जगला, आणि शेवटी बसण्या-निजण्याच्या दाबानं झालेल्या जखमेत संसर्ग झाला, त्याचे उपचार चालू असतानाच हृदय बंद पडलं. १० ऑक्टोबर २००४. वय ५२. "चोवीस तास नर्सा असणाऱ्या माणसाचं असं झालं," तो म्हणाला. "तुमच्याकडं काकू एकट्या आहेत." त्या दिवसापासून मोबाईलवर दर वीस मिनिटांनी घंटा लावली. ती अजून वाजते.

पुण्यात शिकणाऱ्या भाचीला ही गोष्ट सांगितली तर दिवाळीला येताना ती त्या माणसाचं आत्मचरित्र घेऊन आली. १९९८ चं, अपघातानंतर तीन वर्षांनी आलेलं. माझं इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यापुरतं. ती वाचून मराठीत सांगायची, सुट्टी संपल्यावर फोनवरून. आमचे दोन अपघात मी शेजारी ठेवून बघत होतो. तो घोड्यावरच्या शर्यतीत, व्हर्जिनियात, २७ मे १९९५. तिसऱ्या अडथळ्याशी घोडा थबकला, हा पुढं फेकला गेला तो डोक्यावर. मानेचे पहिले दोन मणके. श्वासही मशीनवर. माझे मणके त्याच्यापेक्षा कितीतरी खालचे. हात माझे, श्वास माझा. त्याच्या मानानं मी श्रीमंत, असं स्वतःला समजावायचा प्रयत्न केला. फारसा जमला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी फाईल बघून सांगितलं, सहा महिने उलटले, आता अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून घ्या. घरी येताना बायको एक शब्द बोलली नाही, मीही नाही. सर्टिफिकेट म्हणजे आता हे असंच राहणार यावर सरकारी शिक्का. मी महिनाभर ते नाव काढू दिलं नाही.

मला वाट दाखवली आमच्या पंचायतीच्या व्हीआरडब्ल्यूनं, म्हणजे गावपातळीवरच्या पुनर्वसन कार्यकर्त्यानं. कर्नाटकात ग्रामपंचायतीगणिक असा एक माणूस असतो, तालुक्याला त्यांच्यावर एक एमआरडब्ल्यू. अपंगांची कागदपत्रं, योजना, अर्ज हे त्यांचं काम. ते स्वतःही अपंगच असतात. आमच्या पंचायतीतले ते म्हणजे दादा, पन्नाशीचे, लहानपणी पोलिओ झालेला, मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. मला हे पद आहे हेच माहीत नव्हतं. त्यांना अंगणातून "मारुती, काय करूलालास?" अशी हाक मारताना इतकी वर्षं ऐकलं होतं, पण ते पंचायतीत काय करतात हे कधी विचारलं नव्हतं. दुसरी सूचना ही की एजंटाकडं जाण्याआधी पंचायतीत जाऊन तुमचा व्हीआरडब्ल्यू कोण ते विचारा. सर्टिफिकेट आणि यूडीआयडी, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, यांच्या अर्जाला सरकारी फी नाही. मला एका माणसानं "सगळं करून देतो" म्हणून चार हजार सांगितले होते.

२ फेब्रुवारीला गावातल्या ग्राम वन केंद्रात, म्हणजे सरकारी अर्ज भरून देतात तिथं, गेलो आणि पहिल्याच पायरीला अडकलो. आधार कार्डावर माझं नाव इंग्रजीत टी नंतर एच घालून लिहिलेलं, कानडी पद्धतीनं. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कागदावर एच नाही, कारण तिथल्या बाईंनी मला विचारून मराठी पद्धतीनं लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. सीमाभागात हे दुखणं घरोघरी आहे. आडनावांचं तर विचारूच नका. हॉस्पिटलचा कागद बदलून मिळणं अवघड, म्हणून आधार दुरुस्त करायचं ठरवलं. त्याचे तेव्हा ५० रुपये, केंद्रापर्यंत गाडीचे ६००. दोन आठवड्यांनी नाव बदलून आलं. कुणाला ऑपरेशनसाठी दाखल करत असाल तर त्या गडबडीतही एक काम करा: आधार पुढं ठेवून नाव त्यावरचंच, अक्षरागणिक तसंच लिहून घ्या.

४ मार्चला अर्ज भरला. फोटो, सही, आधार, पत्त्याचा पुरावा, हॉस्पिटलचे कागद. शेवटी नोंदणी क्रमांकाची पावती मिळते, ती जपा, पुढं सगळीकडं तोच नंबर विचारतात. फॉर्ममध्ये अपंगत्वाचा प्रकार निवडायचा असतो आणि ती यादी लांबलचक आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस झाले. दादांनी माझ्यासाठी चलनवलनाचा रकाना निवडला आणि म्हणाले, "बघ, माझ्या वेळी ह्या यादीत निम्मी माणसं नव्हतीच."

मग वाट बघणं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि तालुक्यातलं जे ते निवडणुकीच्या कामाला. ३ एप्रिलला तपासणीसाठी बेळगावच्या सरकारी हॉस्पिटलात बोलावलं.

गावापासून बेळगावपर्यंत व्हॅन, जाऊन-येऊन १,८०० रुपये. बायको, भाऊ, घडीची खुर्ची, दर चार तासांनी लघवीसाठी घालायच्या नळ्यांची पिशवी, जुना टॉवेल, बदलायचे कपडे. ही पिशवी विसरू नका, सरकारी हॉस्पिटलात अपंगांच्या संडासाचं दार बहुतेक कुलपात असतं आणि चावी ज्याच्याकडं असते तो चहाला गेलेला असतो. इमारतीला उतार होता, उताराच्या तोंडाशी सात मोटरसायकली होत्या. भावानं एकेक करून बाजूला केल्या. खिडकीशी पोचलो. आतल्या माणसानं मान वर न करताच सांगितलं, "कुंदर्री." म्हणजे बसा.

मी म्हटलं, "साहेब, मी बसूनच आलोय."

त्यानं वर बघितलं आणि तो हसला, मीही हसलो. त्या दिवसातली एवढीच चांगली गोष्ट. डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स चालत नाही, मूळ पाहिजे. पाठीचा एक्स-रे जुना आहे, नवा पाहिजे. आणि हाडांचे डॉक्टर आज रजेवर आहेत. "नाळे बर्री." उद्या या. उद्या म्हणजे पुन्हा १,८०० रुपये हे त्या खिडकीतून दिसत नाही. दादांनी नंतर सांगितलं की निघायच्या आदल्या दिवशी फोन करून बोर्ड, म्हणजे टक्के ठरवणारे डॉक्टर, बसणार काय, हे विचारूनच निघायचं. हे त्यांनी आधी का सांगितलं नाही म्हणून मी त्यांच्यावर रागावलो. ते म्हणाले, "सांगितलं होतं की. तू त्या दिवशी बोलतच नव्हतास कुणाशी."

बरोबर होतं. मार्च-एप्रिलचे ते दिवस वाईट होते. रात्री झोप नाही, पायात आगीसारख्या कळा, ज्या पायांना टाचणी टोचलेली कळत नाही त्याच पायांत. रीव्हला शुद्ध आली आणि आपलं काय झालंय हे कळलं तेव्हा तोही बायकोला, डेनाला, म्हणाला होता, मला जाऊ द्यावं बहुतेक. डेनानं त्याला सांगितलं की निर्णय तुझा, पण तू अजून तोच आहेस, आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे. पुस्तकाचं नाव तिच्या त्या बोलण्यावरूनच आलंय. भाचीनं हे फोनवर वाचलं तेव्हा फोन स्पीकरवर होता. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "त्या बाईला म्हणावं, पाटल्या सोडवून दे मग बघू." आम्ही तिघंही खूप हसलो. मला वाटतं डेनाही हसली असती, कारण तिच्या नवऱ्याला अपघातानंतर पहिल्यांदा हसवलं तेसुद्धा चेष्टेनंच. विनोदी नट रॉबिन विल्यम्स हा त्याचा ज्युलिअर्डच्या नाट्यशाळेतला दोस्त. तो डॉक्टरांचा झगा घालून, रशियन उच्चार काढत, मी तुमचा गुदद्वार तपासायला आलोय म्हणत खोलीत शिरला होता.

७ मे ला मतदान झालं. आमचा खानापूर तालुका जिल्ह्यानं बेळगावात, लोकसभेला मात्र उत्तर कन्नडमध्ये. ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व असलेल्यांना त्या वेळी घरून मत द्यायची सोय होती, पण माझ्याकडं टक्केच नव्हते. शाळेत गेलो, तिथं रॅम्प होता. मत देऊन बाहेर आल्यावर शाळेच्या अंगणात दहा मिनिटं बसलो. पडल्यानंतर हॉस्पिटल आणि कागदांची केंद्रं सोडून दुसरीकडं कुठं गेलो असेन तर ते तेव्हाच.

२९ मे ला दुसरी खेप. या वेळी फोन करून, मूळ कागद घेऊन, नवा एक्स-रे काढून. त्याचे ३५० रुपये. रांगेत माझ्या पुढं सौंदत्तीकडची एक बाई, मांडीवर सात-आठ वर्षांचं पोर, मान धरत नव्हतं. माझं कानडी मोडकं, तिचं मराठी त्याहून मोडकं. चार तास आम्ही बोललो. तिनं जोंधळ्याची कडक रोट्टी आणि शेंगाचटणी काढली, बायकोनं लाडू. बाहेर दोन्हीकडचे पुढारी पाट्यांवरून भांडत असतात. त्या व्हरांड्यात अक्षर कुठलं यापेक्षा नंबर कितवा हे महत्त्वाचं होतं.

आता टक्क्यांबद्दल. हे मी कुणाला बोललो नव्हतो. कर्नाटकात पेन्शनला ४० टक्के लागतात आणि ७५ च्या वर गेलं की रक्कम वाढते. त्या वेळी ८०० आणि १,४०० असे दर होते. कार्डाचा रंगही टक्क्यांवर असतो. ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० पासून निळा. रांगेत मी मनात म्हणत होतो, ७५ च्या वर जाऊ दे. आणि तेच मन म्हणत होतं, डॉक्टर बघतील आणि म्हणतील, अरे याच्या गुडघ्यात थोडी हालचाल आहे की! म्हणजे एकाच वेळी मला जास्त मोडलेलंही ठरायचं होतं आणि कमी मोडलेलंही. अशी भीक मी स्वतःशी कधी मागितली नव्हती.

रीव्ह या दोन गोष्टींमध्ये कसा उभा राहिला, हे तेव्हा डोक्यात घोळत होतं. त्यानं जाहीर करून टाकलं होतं की पन्नाशीपर्यंत मी उभा राहीन. २००० साली टीव्हीवर एक जाहिरात आली, तिच्यात कॉम्प्युटरच्या करामतीनं त्याला खुर्चीतून उठून चालताना दाखवलं. लोकांना खरंच वाटलं. तिकडच्या अपंगांच्या चळवळीतले पुष्कळ लोक त्याच्यावर चिडले. त्यांचं म्हणणं, हा सगळा पैसा आणि सगळं लक्ष बरं होण्याकडं ओढतोय, आम्हाला आज, या खुर्चीतून, बसमध्ये चढायचंय. मी हे दादांना सांगितलं तर ते लगेच त्या चिडलेल्यांच्या बाजूला. "मला पाय आला काय, नाही आला काय, पन्नास वर्षं मी अशीच काढली. तुझ्या सुपरमॅनला सांग, आधी पायरी फोड."

मी त्याच्या बाजूनं भांडलो. माझी जखम वर्षाची, दादांची पन्नास वर्षांची, फरक तिथंच आहे. पण तो नुसताच स्वप्नं बघत बसला नव्हता, हेही खरं. अपघातानंतर दहा महिन्यांत, २५ मार्च १९९६ ला, तो ऑस्करच्या मंचावर श्वासाच्या मशीनसह गेला आणि समोरच्या सगळ्या नटमंडळींना सांगितलं की समाजाचे प्रश्न मांडणारे सिनेमे काढा. आजारपणाच्या विम्यावर आयुष्यभराची जी दहा लाख डॉलरची कमाल मर्यादा असायची ती एक कोटी करा म्हणून तो अमेरिकेच्या संसदेत भांडला. ते झालं नाही. १९९७ मध्ये खुर्चीत बसून त्यानं टीव्हीसाठी चित्रपट दिग्दर्शित केला, पुढच्या वर्षी लुळ्या माणसाचीच प्रमुख भूमिका केली आणि तिला बक्षीसही मिळालं. पक्षाघाताच्या संशोधनाला पैसे देणारी संस्था त्याच्या नावानं चालू लागली. आणि १९९९ पासून डेनाच्या पुढाकारानं त्याच संस्थेतून रोजच्या जगण्यासाठीही मदत जाऊ लागली, म्हणजे उतार, खुर्च्या, खेळ, वाहनं. हे सांगितल्यावर दादा जरा मऊ झाले. "बायको शहाणी होती," म्हणाले.

मला स्वतःला त्याच्या अपघाताच्या आधीची एक गोष्ट जास्त आवडते. १९८७ साली चिलीमध्ये लष्करी राजवटीच्या काळात सत्याहत्तर नटांना ठार मारायच्या धमक्या आल्या होत्या. हा सुपरमॅनच्या चार चित्रपटांतला चेहरा घेऊन तिथं गेला आणि त्यांच्या बाजूला उभा राहिला. पाय शाबूत होते तेव्हाही तो उठून जाणारा होता. मी तसा नव्हतो. पंचायतीच्या ऑफिसला पायऱ्या आहेत हे मला चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत दिसलंही नव्हतं.

तर बोर्ड. आत दोन डॉक्टर, एक टेबल, एक पलंग. पलंगावर चढवायला कुणी नाही, भाऊ बरोबर असू द्या. एकानं दोन्ही पायांचा एकेक सांधा तपासला. खुबा, गुडघा, घोटा. प्रत्येक ठिकाणी स्नायूंना शून्य ते पाच असे गुण. टाचणीनं टोचत टोचत बेंबीच्या खालपर्यंत रेघ कुठं थांबते ते बघितलं. लघवीचं विचारलं, सगळं विचारलं. मी टर्नर, मला वाटलं होतं हे लोक अंदाजपंचे आकडा टाकत असतील. तसं नव्हतं, सूत्र होतं, बेरीज होती. डाव्या खुब्याला एक मिळाला. बाकी बहुतेक शून्य. त्या एका गुणाकडं मी बघत राहिलो. बारा मिनिटांत बाहेर. बोलताना लाजू नका, ही चौथी की पाचवी सूचना. "थोडा त्रास होतो" असं म्हणू नका. नळी लागते तर नळी लागते म्हणा, रात्री अंथरूण भिजतं तर तेही सांगा. आपल्याकडं बरं दिसायची सवय असते आणि इथं ती महागात पडते.

११ जुलैला भाचीनं पुण्यातूनच वेबसाईटवर बघून फोन केला. "मामा, झालं. अठ्ठ्याहत्तर."

पेन्शनच्या रेघेच्या वर, निळ्याच्या खाली. पिवळा. मी हिशेब करत बसलो की डाव्या खुब्याचा तो एक गुण नसता तर ऐंशी झाले असते काय. बायकोनं विचारलं, "चांगलं की वाईट?" मला सांगता येईना. ती देवापुढं साखर ठेवून आली.

प्लास्टिकचं कार्ड पोस्टानं २४ ऑगस्टला आलं, तोवर डाऊनलोड केलेल्या कार्डावर काम चालतं. सर्टिफिकेट पाच वर्षांपुरतं आहे, मग पुन्हा तपासणी. पाठीच्या दुखापतीत बदल होऊ शकतो म्हणून तसं देतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मला तर ती तारीख आवडते. पेन्शनसाठी नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, वेगळा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. सप्टेंबरात दिला, डिसेंबरात १,४०० रुपयांचा पहिला मेसेज आला. महिन्याला ३०० रुपयांच्या नळ्या आणि हातमोजे जातात, बाकीचं औषधाला. खुर्चीसाठी केंद्राची योजना आहे, महिन्याचं उत्पन्न २२,५०० च्या आत असेल तर फुकट मिळते, शिबिर लागेपर्यंत वाट बघायची. मी तोवर ७,५०० ची विकत घेतली होती. घाई केली. रेल्वेच्या सवलतीचं कार्ड आणखी वेगळं असतं, यूडीआयडी दाखवलं की तिकीट स्वस्त, असं समजून स्टेशनवर जाऊ नका.

एकंदर सहा महिने तीन आठवडे, आणि गाडीभाडं-झेरॉक्स-एक्स-रे धरून ५,२०० च्या आसपास.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रामसभा होती. दादा म्हणाले, चल. पंचायतीला तीन पायऱ्या. मी खालीच थांबलो, दादाही मुद्दाम वर चढले नाहीत. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, चांगले माणूस, त्यांनी खुर्च्या बाहेर काढायला लावल्या आणि सभा अंगणात झाली. रॅम्पचा ठराव झाला. मला दोन शब्द बोल म्हणाले तर माझा घसा बसला. ऑस्करमध्ये मशीनच्या श्वासावर बोलणाऱ्या माणसाची आठवण झाली आणि जास्तच बसला. दादांनी वेळ मारून नेली.

एप्रिलमध्ये रॅम्प झाला. भावानं फोटो पाठवला, हार घातलेला, नारळ फोडलेला. फोटोतच मला शंका आली. परवा खुर्ची घेऊन गेलो, टेप आणि लेव्हल मांडीवर. पायऱ्या सहा-सहा इंचाच्या, तीन मिळून अठरा इंच. एकाला बारा असा उतार धरायचा तर लांबी अठरा फूट पाहिजे. मोजली. सव्वासहा फूट. खालून बघितलं तर घसरगुंडी. भाऊ मागून ढकलत होता तरी पुढची चाकं उचलली गेली.

पीडीओंना आकडे एका कागदावर लिहून दिले. आकृती काढली, मापं घातली, कोन घातला, जसं जॉबचं ड्रॉइंग असतं तसं. त्यांनी कागद दोनदा फिरवून बघितला आणि म्हणाले, "मग हे फोडावं लागतंय काय?"

दादा स्कूटरवरूनच ओरडले, "फोडा!"